हाकेला दिलेला होकार

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी भंडारा जिल्ह्यातील वरठीला येते. येथील स्थानक ‘भंडारा रोड’ या नावाने ओळखले जाते. गोंदिया, डोंगरगड मागे टाकीत हाच लोहमार्ग राजनांदगावला पोहोचतो. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी याच मार्गाने राजनांदगावला निघाले होते. डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. काव्यापासून धर्मापर्यंत गप्पा रंगल्या. उतरताना त्याने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला आणि प्रांजळपणे अभ्यास केल्यास दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीतही केले.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेले टिळक चित्पावन ब्राह्मण कुटुंबातले. कवी, संस्कृतचे व्यासंगी आणि वृत्तीने स्वतंत्र. जातिभेदाने ग्रासलेल्या समाजाला सावरील अशा धर्माचा त्यांचा शोध तेव्हा सुरूच होता. त्यांनी पुस्तक उघडले ते चिकित्सकाच्या नजरेने. मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले. आपल्या कित्येक प्रश्नांची उत्तरे त्यांना तिथे सापडली.

शास्त्रवाचन, प्रार्थना आणि सदसद्विवेक यांतून देव बोलतो, अशी ख्रिस्ती साधकाची श्रद्धा असते. पण ऐकणे कृतीवाचून पुरे होत नाही. टिळकांच्या बाबतीत या कृतीची किंमत फार मोठी होती. धर्मांतर म्हणजे आप्तांना, जातीला आणि कदाचित पत्नी-पुत्रालाही मुकणे, हे ते जाणून होते. तरीही १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकन मिशनच्या चर्चमधील तो विधी त्यांच्या इच्छेनुसार रेव्हरंड तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाच्या हातून झाला.

या निर्णयाचा घाव लक्ष्मीबाईंवर बसला. पतीच्या अंतःकरणात उमटलेली हाक त्यांनी ऐकली नव्हती. वाट्याला आला तो केवळ वियोग आणि लोकनिंदा. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, परंतु धर्म बदलून नव्हे. सोवळेओवळे त्यांनी आपल्याच विचाराने टाकले आणि १९०० मध्ये स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. या साऱ्या काळाची प्रांजळ, हसतमुख कहाणी पुढे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आली.

टिळकांचे कार्यक्षेत्र झाले अहमदनगर. तेथे त्यांनी अध्यापन केले, पाळकपदाची दीक्षा घेतली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. मात्र देवाला द्यायचे उत्तर परक्या भाषेत आणि परक्या चालीत कसे द्यावे, हा प्रश्न त्यांना छळत असे. इंग्रजी चालींवर बेतलेली गीते मराठी मनाला भिडत नाहीत, हे ओळखून त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तनाचा आश्रय घेतला. तुकोबांच्या वाणीच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे ते मोकळेपणाने मान्य करीत. ‘अभंगांजली’तील भक्ती म्हणूनच मराठी वाचकाला ओळखीची वाटते. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

१९१७ मध्ये त्यांनी पुन्हा एकदा स्थैर्य सोडले. मिशनच्या वेतनाचा त्याग करून ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. पाश्चात्त्य संघटनेच्या चौकटीबाहेर, भारतीय संन्यस्त परंपरेच्या जवळ जाणारे ख्रिस्ती जीवन त्यांना उभारायचे होते. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती खालावलेली, मिळकत अनिश्चित. तरीही पाऊल मागे आले नाही.

या प्रयोगाला जेमतेम दोन वर्षे लाभली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘दरबार’ त्यांच्या कल्पनेइतका विस्तारला नाही. त्यांचे अभंग मात्र मराठी चर्चमधील उपासनेत आजही गायिले जातात. देवाला आपल्या मायबोलीत उत्तर देण्याची जी वाट त्यांनी शोधली, तिच्यावरून पुढच्या पिढ्या चालत राहिल्या.