सर सी. व्ही. रामन : कचेरी सांभाळून केलेले संशोधन



आपल्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीची ओळख असावी, अशी कार्यकारिणीची इच्छा होती. हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे नाव सुचविले. ते तर तमिळ, आपल्या मराठी मंडळाशी त्यांचा संबंध काय, असे एक-दोघांनी विचारले. संबंध आहे. १९१० साली रामन नागपूरला सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती आणि आपले रायपूरही त्याच प्रांतात होते. शिवाय आपण जसे नोकरीसाठी घरदार सोडून उरल्यात आलो, तसाच हा माणूसही कलकत्ता, रंगून, नागपूर असा बदल्यांवर फिरला.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक होते आणि घरात व्हायोलिन वाजत असे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते पहिले आले. पण त्या काळी या देशात शास्त्रज्ञाला पोट भरेल अशी नोकरी जवळजवळ नव्हतीच. म्हणून त्यांनी अर्थखात्याची स्पर्धा परीक्षा दिली आणि १९०७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याला मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी विवाह झाला. त्या वीणा वाजवीत.

इतकी चांगली नोकरी लागल्यावर दुसऱ्या कुणी समाधान मानले असते. रामन यांना कचेरीच्या वाटेवर बहुबाजार रस्त्यावर एका संस्थेची पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली ती विज्ञानसंस्था होती. तिथली प्रयोगशाळा बहुतेक वेळ रिकामीच असे. रामन यांनी परवानगी मागितली आणि दिनक्रम ठरवून टाकला : सकाळी कचेरीपूर्वी प्रयोग, दिवसभर हिशेब आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर पुन्हा प्रयोग. मधला बदल्यांचा काळ सोडला तर दहा वर्षे हे असेच चालले.

महागडी उपकरणे नव्हती. मग अभ्यास कशाचा करायचा? रामन यांनी विषय निवडला तो ध्वनी आणि वाद्ये. १९०९ साली त्यांनी चक्क एकतारीवर निबंध लिहिला. आपल्या भजनातली एकतारी! ती शास्त्राचा विषय होऊ शकते, हे आधी कुणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही.

विद्यार्थ्यांसाठी इथे थोडे सांगतो. ध्वनी म्हणजे हवेचा प्रवास नव्हे. हवेचे कण जागच्या जागी मागेपुढे हलतात आणि पुढे सरकतो तो धक्का. हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, तर पोलादात पाच हजारांहून अधिक. मी इथल्या एका रोलिंग मिलमध्ये देखभालीचे काम करतो. आमचे जुने फिटर स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून दोष ओळखतात, कारण आतली खरखर लोखंडातून थेट कानापर्यंत पोचते.

आता तार घ्या. छेडलेली तार एकाच वेळी अखंड हलते आणि दोन, तीन, चार भागांतही हलते. अखंड तार सेकंदाला १०० वेळा हलत असेल, तर बाकीची कंपने २००, ३००, ४०० अशी येतात. हा हिशेब पूर्णांकांत बसतो, म्हणून कानाला स्वर लागतो. ढोलाच्या साध्या चामड्याचे तसे नाही. त्याचे पहिले कंपन १०० धरले, तर पुढची साधारण १५९, २१४, २३० अशी येतात. त्यात मेळ नसतो. म्हणून ढोलाचा दणका छातीत बसतो, पण त्यावर षड्ज लावता येत नाही.

मग तबला स्वरात कसा मिळतो? आरतीच्या तालमीला येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने मला हेच विचारले होते. उत्तर रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार या सहकाऱ्याबरोबर दिले. रहस्य आहे ते मधल्या काळ्या शाईत. ही शाई म्हणजे लोखंडाची पूड आणि खळ यांचे थरावर थर देऊन घोटलेले लेपन. ज्या लोखंडावर आपली उरल्याची चूल पेटते, त्याचीच ही पूड! शाईमुळे चामडे मध्यभागी जड होते आणि कंपनांचे बेसूर आकडे सरकून पूर्णांकांच्या जवळ येतात. पहिली नऊ कंपने मिळून पाच सुसंवादी स्वर तयार होतात, असे रामन यांनी दाखविले. पुढे त्यांनी चामड्यावर बारीक वाळू भुरभुरली. वाजविल्यावर वाळू हलत्या भागातून उडून स्थिर रेषांवर गोळा होई आणि कंपनाचा आकार डोळ्यांना दिसे. करंगळीशेजारचे बोट पुडीवर हलके टेकवून तबलजी नको ते कंपन दाबतो, तेही या रेषांवरून समजते. हे पुस्तकी शास्त्र माहीत नसताना आपल्या कारागिरांनी केवळ कानाच्या जोरावर शाई घोटली, याचे रामन यांना फार कौतुक होते.

तंबोऱ्याची जवारी, व्हायोलिनचा गज यांवरही त्यांनी काम केले. विजापूरच्या गोल घुमटात कुजबुज भिंतीच्या कडेकडेने पलीकडे कशी पोचते, हेही त्यांनी अभ्यासले.

१९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले. पगार बराच कमी होता, तरी त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १९२१ साली विलायतेहून परतताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना नवा प्रश्न पडला, आणि बोट मुंबई बंदरात असताना त्यांनी त्यावरील टिपण इंग्लंडच्या नियतकालिकासाठी लिहिले. तिथून ते ध्वनीच्या लहरींकडून प्रकाशाच्या लहरींकडे वळले. पदार्थातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो, कारण पदार्थाचे रेणूही तारेसारखे आपापल्या ठरलेल्या कंपनांनी हलत असतात. हा शोध त्यांनी के. एस. कृष्णन यांच्या साथीने २८ फेब्रुवारी १९२८ रोजी पक्का केला. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९५४ मध्ये भारतरत्न. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

थोरांचे सगळेच थोर असते असे नाही, हेही सांगायला हवे. १९३३ मध्ये रामन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळविलेल्या कमला भागवत तिथे गेल्या. मुलगी म्हणून रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांना आपले मत बदलावे लागले आणि पुढे मुलींना त्या संस्थेत वाट मोकळी झाली. याच कमलाबाई सोहोनी. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. मोठ्या माणसाचा निर्णयही चुकू शकतो आणि तो कामाने बदलता येतो, हे आपल्या मुलींनी लक्षात ठेवावे.

बंगलोरला रामन पुन्हा ध्वनीकडे आले. द्रवातून जाणाऱ्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींमुळे प्रकाश कसा वळतो, याचा सिद्धान्त त्यांनी नागेंद्रनाथ यांच्यासह १९३५-३६ मध्ये मांडला. १९४८ मध्ये स्वतःची संशोधन संस्था उभारली आणि २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथेच त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आपल्यातले बरेच जण पाळीची ड्यूटी करतात. मुलांच्या शिकवणीची फी भरली की आपले कर्तव्य संपले असे वाटते आणि मुलेही सूत्रे पाठ करून पेपर लिहितात. रामन यांनी नोकरी सांभाळून, आसपास वाजणाऱ्या वाद्यांनाच प्रश्न विचारले. यंदा मंडपात तबला, ढोल, टाळ, हार्मोनियम सगळे एकत्र असेल. सुट्टीच्या दिवशी मुलामुलींना जवळ बोलवा, ढोलावर चिमूटभर वाळू टाका, तबल्याच्या शाईवर बोट ठेवायला सांगा आणि आवाज का बदलला ते त्यांनाच विचारा. उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. प्रश्न पडला की अभ्यास सुरू झाला. बुद्धिदात्याच्या उत्सवात एवढे आपण नक्कीच करू शकतो.