लिओ फेंडर आणि शिकाऊंचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर

थोरांची ओळख करून घ्यायची म्हटली की आपल्या ग्वाल्हेरात पहिल्यांदा आठवतात ते गवई आणि वादक. ज्या गावात तानसेनांची समाधी आहे, ज्या गावात १९१८ साली माधव संगीत विद्यालय निघाले, तेथे हे साहजिकच आहे. या वेळी मात्र आम्ही अशा गृहस्थांची ओळख करून देत आहोत की ज्यांनी जगभरच्या वादकांच्या हातात वाद्य दिले, पण ज्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांचे नाव लिओ फेंडर.

हे नाव निवडण्याला कारणही तसेच आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात आता पेटी-तबल्याच्या जोडीला गिटार दिसू लागली आहे. मुलाला गिटार घेऊन दिली, आता तो अ‍ॅम्प्लिफायर मागतो आहे, कोणता घ्यावा आणि किती खर्च करावा, असे पालक आम्हाला विचारतात. फेंडर यांच्या चरित्रात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते, म्हणून चरित्र सांगता सांगता तेही सांगू.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. घरची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे त्यांचा एक डोळा काढावा लागला आणि पुढे जन्मभर त्यांनी काचेचा डोळा वापरला. तेरा-चौदा वर्षांचे असताना त्यांच्या एका काकांनी, ज्यांचे मोटारींच्या विजेच्या दुरुस्तीचे दुकान होते, टाकाऊ सुटे भाग भरलेली एक पेटी त्यांना पाठवली. पुढे त्याच दुकानात त्यांनी काकांनी स्वतः जुळवलेला रेडिओ ऐकला. त्याच्या कर्ण्यातून निघणारा मोठा आवाज मुलाच्या मनात घर करून बसला. शाळेत असतानाच ते घरी लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागले.

विशेष म्हणजे विजेचे किंवा ध्वनीचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. कॉलेजात ते हिशेबनिशी शिकले. बर्फाच्या कंपनीत माल पोहोचवण्याचे आणि नंतर हिशेबाचे काम केले, मग सरकारी रस्ते खात्यात हिशेबनीस झाले. मंदीचा काळ होता, नोकरी गेली. दुसरी मिळाली, तीही गेली. तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टन या लहानशा गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. दोनदा नोकरी गेलेल्या माणसाने कर्ज काढून दुकान घालणे किती जिवावरचे असते, हे आपल्या लष्कर भागातल्या दुकानदारांना वेगळे सांगायला नको.

या दुकानात ग्रामोफोन, रेडिओ आणि सभा-समारंभांचे लाउडस्पीकर यांच्याबरोबर वादकांचे बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायरही येऊ लागले. येथे थोडे शास्त्र समजून घेऊ. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की त्या वेटोळ्यात अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो वाढवून स्पीकरपर्यंत पोहोचवणारे खोके म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्याशिवाय इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ मुकी असते. उलट पोकळ लाकडी पोटाच्या साध्या गिटारला घरच्या रियाजासाठी अ‍ॅम्प्लिफायर मुळीच लागत नाही. तेव्हा पालकांनी आधी घरात कोणती गिटार आहे ते पाहावे. निम्म्या घरांचा प्रश्न तिथेच सुटेल.

दुरुस्तीला आलेली शेकडो खोकी उघडून पाहताना फेंडर यांच्या लक्षात आले की ती वारंवार का बिघडतात आणि दुरुस्त करणाऱ्याचे हात आत का पोहोचत नाहीत. डॉक कॉफमन नावाच्या वादक मित्राबरोबर त्यांनी १९४५ साली एक छोटा कारखाना काढला. तेथे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, जिला आपल्याकडे जुनी मंडळी हवाईयन गिटार म्हणतात, आणि तिच्यासोबत लहानसा अ‍ॅम्प्लिफायर अशी जोडी विकली जाई. त्या काळी अमेरिकेत ही गिटार शिकणाऱ्यांची मोठी संख्या होती. कॉफमन १९४६ साली भागीदारीतून बाहेर पडले. फेंडर यांनी धंदा एकट्याने चालू ठेवला.

१९४८ साली त्यांनी चॅम्पियन ८०० नावाचा अगदी लहान अ‍ॅम्प्लिफायर काढला. दुसऱ्या वर्षी त्याहून लहान, सहा इंची स्पीकरचा चॅम्पियन ६०० आला. पुढे याच वंशाला चॅम्प हे नाव मिळाले. आमच्या मते फेंडर यांची खरी ओळख या खोक्यात आहे, त्यांच्या प्रसिद्ध गिटारांपेक्षाही. ते शिकाऊ मुलांसाठीच होते. शक्ती तीन ते पाच वॅट, आत मोजके व्हॉल्व्ह, बाहेर आवाज कमी-जास्त करण्याचे एकच बटण. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा तक्ता आतल्या बाजूला चिकटवलेला असे, म्हणजे गावचा रेडिओ मेकॅनिकही तो दुरुस्त करू शके. स्वस्त करायचे म्हणून त्यांनी गाभ्यात काटछाट केली नाही, अनावश्यक ते काढून टाकले.

आज दुकानात नेमके उलटे दिसते. लहानशा खोक्यावर दहा बटणे आणि पन्नास आवाजांची यादी असते, आणि गिऱ्हाईक वॅटचा आकडा पाहून भुलते. वॅटचा हिशेब फसवा आहे. दहा वॅटचा वीस वॅट केला तर आवाज दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. घरच्या खोलीत पाच ते दहा वॅट पुरून उरतात. वाड्याच्या भिंती कितीही जाड असल्या तरी चौक सगळ्या बिऱ्हाडांचा एकच असतो, आणि शेजारच्या मुलाचीही परीक्षा असते! म्हणून हेडफोन लावण्याची सोय असलेलाच घ्यावा; कानाला मात्र तो हळू आवाजातच लावावा. स्पीकर आठ इंची मिळाला तर सहा इंचीपेक्षा सहसा बरा, कारण खर्जाचा आवाज भरीव येतो. दुकानात स्वतःची गिटार घेऊन जावे आणि आधी साधा, स्वच्छ आवाज हळू ठेवून ऐकावा. तो घोगरा किंवा पातळ वाटला तर बाकीची पन्नास सोंगे काही कामाची नाहीत.

व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आजही मिळतात, पण ते महाग आणि नाजूक. शिकाऊला ट्रान्झिस्टरचा साधा पुरतो. चार्जिंगवर चालणारा असेल तर वीज गेल्यावरही रियाज थांबत नाही. काही मुले गिटारचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर घेऊ पाहतात. त्यात तार छेडल्यानंतर आवाज किंचित उशिरा येतो आणि ताल शिकणाऱ्याचा हात बिघडतो. तारेने जोडलेलाच बरा. बेस गिटारसाठी मात्र बेसचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, नाहीतर लहान स्पीकर फाटण्याची भीती असते.

एका बाबतीत आम्ही पालकांना आग्रहाने सांगू. फेंडर यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरना त्या काळच्या रीतीप्रमाणे दोन पिनांचे प्लग असत, अर्थिंग नसे. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला विजेने जोडलेल्या असतात, त्यामुळे बिघाड झाला तर झटका थेट बोटांना. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्झी येथे लेस्ली हार्वी हे तरुण गिटारवादक रंगमंचावरच अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावले. आपल्याकडील जुन्या घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण मागे अर्थिंगची तार असेलच असे नाही. नवे यंत्र जोडण्यापूर्वी वायरमनला बोलावून तपासून घ्यावे, आणि प्लगची जाडी पिन कोणी काढून टाकू नये. कुणी नातेवाइकाने अमेरिकेहून अ‍ॅम्प्लिफायर आणला तर तो १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टवर तसाच लावला तर क्षणात जळेल.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १९५० साली फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, जिला पुढच्या वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळाले. तिची मान सरसाने न चिकटवता स्क्रूंनी बसवली होती, म्हणजे खराब झाली तर बदलता यावी. जुन्या कारागिरांनी नाके मुरडली, पण वादकांनी ती उचलली. १९५१ साली प्रिसिजन बेस आली. तोपर्यंत बेस वाजवणाऱ्याला माणसाएवढे उंच लाकडी वाद्य वाहून न्यावे लागे. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली, जिची आकृती आज गिटारचे चित्र काढणारे प्रत्येक मूल नकळत काढते.

स्वतःला वाजवता येत नसताना हे जमले कसे? त्यांनी आपले अडाणीपण झाकले नाही, हेच त्याचे उत्तर आहे. नवा नमुना तयार झाला की ते तो जवळपासच्या वादकांना वापरायला देत. ते कार्यक्रमात वाजवत आणि काय बोचते, काय गुरगुरते ते येऊन सांगत. गिटारच्या कडा बरगड्यांत रुततात अशी तक्रार आली तेव्हा स्ट्रॅटोकास्टरचे अंग तिथे कोरून काढले गेले. सतार किंवा तंबोरा बनवणारा कारागीर गवयापुढे वाद्य ठेवून जवारी लावतो, तसाच हा प्रकार.

पन्नाशीच्या दशकात त्यांना घशा-नाकाचा जुनाट संसर्ग जडला. तो बरा होण्याची आशा त्यांनी सोडली आणि जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सी.बी.एस. या मोठ्या उद्योगाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. गंमत अशी की पुढे डॉक्टर बदलल्यावर ते खडखडीत बरे झाले! विकलेल्या कंपनीवर त्यांचेच नाव राहिले आणि नव्या वाद्यांना ते स्वतः आपले नाव देऊ शकले नाहीत. तरी त्यांनी आधी म्युझिक मॅन आणि मग जी अँड एल या कंपन्यांत नव्याने कामाला सुरुवात केली.

त्यांच्या छोट्या चॅम्पचे दैवही पाहण्यासारखे आहे. शिकाऊंसाठी केलेले हे खोके १९७० साली एरिक क्लॅप्टन यांनी लायला या गाजलेल्या ध्वनिमुद्रणात वापरले. लहान अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात तापला की त्याचा सूर दाणेदार होतो, आणि स्टुडिओत माइक जवळ ठेवला की त्याचा लहानपणा कुणाला कळत नाही.

अखेरच्या वर्षांत फेंडर यांना कंपवाताने गाठले. हात थरथरत, तरी कारखान्यात रोज येणे चालूच होते. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीपर्यंत ते आपल्या टेबलाशी बसून काम करत होते.