फडावरचा कुलकर्णी

गौरी-गणपतीत आमच्या रोह्याच्या बाजूला शक्ती-तुऱ्याचे नाच रंगतात. एका बाजूने सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जवाब द्यायचा. ते ऐकताना मला हटकून आठवतात घाटावरचे शाहीर पठ्ठे बापूराव.

खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६ सालचा, वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचा. घरी वतन. दप्तर सांभाळून बसले असते तर आयुष्य सुखात गेले असते! पण हे गृहस्थ रमले तमासगिरांत. आधी लावण्या रचून दिल्या, पुढे स्वतःच फडावर उभे राहिले. ब्राह्मणाने तुणतुण्याच्या साथीला उभे राहायचे म्हणजे त्या काळी जातीतून उठणेच. घर सुटले.

मग भेटली पवळा, संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील महार समाजाची मुलगी. तमाशात बायकांची कामे तोवर बहुधा नाच्या पोऱ्या करी. बापूरावांची रचना आणि पवळेची अदा अशी जोडी जमली, आणि सवाल-जवाब, गौळण, मिठाराणीचा वग यांनी मुंबईची थिएटरे गाजू लागली. लावणी म्हटली की आपण बापूरावांचे नाव घेतो, पवळेचे क्वचितच. हे मला खटकते. बापूरावांनी जात सोडली तो त्याग ठरला. पवळेला जात सोडण्याची मुभाच नव्हती.

पुढे जोडी फुटली. फड मात्र चालू राहिला.

बापूरावांच्या चरित्रातील एक प्रसंग आमच्या जिल्ह्याशी, तेव्हाच्या कुलाब्याशी, निगडित आहे. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या फंडासाठी त्यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. यावर आमच्या मित्रमंडळींत कडाक्याचा वाद झाला. काहींच्या मते तो कलेचा अपमान होता. मला तसे वाटत नाही. ज्यांची मान ताठ व्हावी म्हणून चवदार तळ्यावर जायचे, त्यांनाच नाचवून वर्गणी गोळा कशी करायची? बापूरावांची तळमळ खरी होती, यात मात्र शंका नाही. हयात काढली ती त्यांनी याच माणसांत.

अखेरची वर्षे हलाखीत गेली. १९४५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. पाचच वर्षांनी, १९५० साली, त्यांच्यावर बोलपट निघाला. नाव अर्थात ‘पठ्ठे बापूराव’.