हबशातील पाहुणा : हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.)

कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबांतला एखादा तरी कमावता माणूस आज आखाती देशांत असतो. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी त्याहून दूर गेलेल्यांची संख्याही वाढत आहे. घर सुटले की एक प्रश्न हमखास उभा राहतो. ज्या देशाचे अन्न आपण खातो, त्याची भाषा, रीतिरिवाज आणि कायदा यांच्याशी आपले नाते कसे असावे? सर्वस्वी वेगळे राहावे, की त्यांच्यासारखेच होऊन जावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या जीवनातून देणारे पहिल्या पिढीतील सहाबी म्हणजे हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.).

हजरत जाफर (रजि.) हे आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलतबंधू आणि हजरत अली (रजि.) यांचे थोरले बंधू. चेहरामोहरा आणि स्वभाव या दोन्ही बाबतींत त्यांचे प्रेषितांशी विलक्षण साम्य होते. ते आणि त्यांच्या पत्नी हजरत असमा बिन्त उमैस (रजि.) यांनी अगदी आरंभीच्या काळात इस्लामचा स्वीकार केला. मक्केत श्रद्धावंतांवरील अत्याचार असह्य झाले तेव्हा प्रेषितांनी अनुयायांना समुद्रापलीकडील हबशा देशाची वाट दाखविली. तेथील राजाच्या राज्यात कोणावरही अन्याय होत नाही, असा त्यांचा विश्वास होता. हे आजच्या इथिओपिया व इरिट्रियाच्या प्रदेशातील अक्सूमचे ख्रिस्ती राज्य होय. तेथील राजाला अरब नजाशी म्हणत.

इ.स. 615 मध्ये पहिली लहानशी तुकडी निघाली. त्यानंतर सुमारे 80 पुरुष आणि त्यांच्यासोबत स्त्रिया व मुले असा मोठा समूह तेथे पोहोचला. त्या समूहाचे नेतृत्व हजरत जाफर (रजि.) यांच्याकडे होते. देश परका, भाषा परकी, धर्म वेगळा. परंतु तेथे नमाज निर्भयपणे अदा करता येत होती आणि कोणी कडू शब्दही बोलत नव्हते. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी पुढे आयुष्यभर त्या शेजाराची कृतज्ञतेने आठवण काढली.

कुरैशांना मात्र हे स्वास्थ्य खुपले. त्यांनी अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबू रबीआ यांना मौल्यवान कातडी वस्तूंचे नजराणे देऊन हबशाला पाठविले. दूतांनी आधी धर्माधिकाऱ्यांना भेटी दिल्या आणि मग राजाकडे मागणी केली की, आमच्या या पळपुट्या लोकांना कोणतीही चौकशी न करता आमच्या हवाली करावे. आश्रितांचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्यांना सोपविण्यास नजाशीने नकार दिला. मुस्लिमांना दरबारात बोलावणे आले. निकाल विरुद्ध गेला तर स्त्रिया व मुलांसह सर्वांना पुन्हा छळाच्या खाईत लोटले जाणार होते.

काही कथनांनुसार दरबारात शिरताना राजाला सजदा करण्याची तेथे प्रथा होती. हजरत जाफर (रजि.) यांनी सलाम केला, पण सजदा केला नाही. कारण विचारले असता, सजदा केवळ अल्लाहलाच केला जातो, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. यजमानाचा मान त्यांनी राखला, पण अल्लाहचा हक्क माणसाला दिला नाही.

मग त्यांनी आपली बाजू मांडली. अज्ञानकाळातील आपल्या समाजाचे दोष त्यांनी लपविले नाहीत. आम्ही मूर्तिपूजा करीत होतो, नाती तोडीत होतो, शेजाऱ्यांशी वाईट वागत होतो आणि आमच्यातील बलवान दुर्बलांना गिळत होता, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. प्रेषितांनी आम्हाला एकेश्वरवाद, सत्य, अमानतदारी आणि शेजारधर्म शिकविला. त्यामुळेच आमच्यावर जुलूम झाला आणि आम्ही इतर सर्वांना सोडून आपल्या न्यायाच्या भरवशावर येथे आलो, असे त्यांनी सांगितले. राजाने कुरआनातील काही ऐकविण्यास सांगितले तेव्हा त्यांनी सूरह मरयमच्या आरंभीच्या आयतींचे पठण केले. ज्या हजरत मरयम (अलै.) यांच्याविषयी त्या दरबाराला अपार आदर होता, त्यांचीच हकीकत त्यांनी निवडली. राजाची दाढी अश्रूंनी भिजली आणि धर्माधिकारीही रडले.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी होती. हे लोक हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयी भलतेच काही बोलतात, अशी तक्रार अम्र यांनी केली. पुन्हा बोलावणे आले. मुस्लिमांनी आपसात विचारविनिमय केला. दरबाराला रुचेल असे गुळमुळीत उत्तर देऊन जीव वाचविता आला असता. परंतु परिणाम काहीही होवो, अल्लाहने जे सांगितले तेच सांगायचे, असे त्यांनी ठरविले. हजरत ईसा (अलै.) हे अल्लाहचे दास आणि प्रेषित असून कुमारी मरयमकडे पाठविलेला त्याचा शब्द आहेत, असे हजरत जाफर (रजि.) यांनी स्पष्ट सांगितले. दरबारात कुजबुज आणि नापसंती उमटली. नजाशीने मात्र जमिनीवरची एक काडी उचलली आणि या म्हणण्यात व सत्यात तेवढेही अंतर नसल्याचे सांगितले. कुरैशांचे नजराणे परत गेले आणि मुस्लिमांना अभय मिळाले.

यानंतर हजरत जाफर (रजि.) अनेक वर्षे हबशातच राहिले. त्यांची मुले तेथेच जन्मली. या काळात राजाविरुद्ध एक प्रतिस्पर्धी उभा राहिला तेव्हा मुस्लिम तटस्थ राहिले नाहीत. त्यांनी नजाशीच्या विजयासाठी अल्लाहकडे दुआ केली. तरुण जुबैर बिन अव्वाम (रजि.) हे तर फुगविलेल्या पखालीच्या आधाराने नदी पोहून पलीकडे गेले आणि लढाईचा निकाल घेऊन आले. विजयाची बातमी ऐकून झालेल्या आनंदाचे वर्णन उम्मे सलमा (रजि.) यांनी केले आहे. ज्या देशाने आश्रय दिला, त्याच्या संकटाला त्यांनी आपले संकट मानले होते.

हबशाच्या खुणाही या लोकांसोबत मदीनेत आल्या. तेथे जन्मलेल्या लहानग्या उम्मे खालिद (रजि.) हिला नवे वस्त्र देताना प्रेषितांनी त्याचे कौतुक हबशी भाषेतील शब्दाने केले. कापडाखाली स्त्रीच्या मृतदेहाचा आकार दिसतो, याचा हजरत फातिमा (रजि.) यांना संकोच वाटे. तेव्हा असमा (रजि.) यांनी हबशात पाहिलेली पद्धत त्यांना दाखविली. जनाज्यावर ओल्या फांद्यांची कमान करून त्यावर कापड टाकण्याची ती रीत फातिमा (रजि.) यांना अतिशय आवडली. मात्र हबशातील सर्वच गोष्टी स्वीकारल्या गेल्या नाहीत. तेथील एका चर्चचे सौंदर्य व त्यातील चित्रे यांचे वर्णन झाले तेव्हा सत्पुरुषांच्या कबरींवर प्रार्थनास्थळे उभारण्याच्या आणि त्यांत चित्रे काढण्याच्या प्रथेपासून प्रेषितांनी सावध केले. परक्या समाजाची चांगली गोष्ट घ्यावी आणि तौहीदला बाधा आणणारी सोडावी, हा विवेक यातून शिकायला मिळतो.

हिजरी 7 मध्ये खैबरच्या विजयाच्या सुमारास हजरत जाफर (रजि.) परतले. खैबरच्या विजयाचा आनंद अधिक की जाफरच्या आगमनाचा, हे सांगता येत नाही, असे उद्गार काढून प्रेषितांनी त्यांना जवळ घेतले. मदीनेत कोणी परदेशात राहिलेल्यांना कमी लेखले, तर तेही प्रेषितांना मान्य नव्हते. हजरत उमर (रजि.) यांनी मदीनेच्या हिजरतीत आपण पुढे असल्याचे म्हटले तेव्हा असमा (रजि.) यांना राग आला आणि त्यांनी ती गोष्ट प्रेषितांच्या कानावर घातली. जहाजातून आलेल्यांना दोन हिजरतींचे पुण्य आहे, असा निर्वाळा त्यांना मिळाला.

मदीनेत हजरत जाफर (रजि.) गरिबांना घरी नेऊन जे असेल ते खाऊ घालीत, म्हणून त्यांना गोरगरिबांचा पिता म्हटले जाई. पण हा सहवास अल्पकाळचा ठरला. हिजरी 8 मध्ये मुअताच्या युद्धात ध्वज हाती असताना त्यांचे दोन्ही हात तुटले आणि ते शहीद झाले. अल्लाहने त्यांना जन्नतमध्ये दोन पंख दिले, अशी शुभवार्ता प्रेषितांनी दिली. जाफर तय्यार हे नाव त्यावरूनच रूढ झाले. त्यांच्या घरी शोक असताना प्रेषितांनी इतरांना त्या कुटुंबासाठी जेवण तयार करण्यास सांगितले. पुढे नजाशीच्या निधनाची वार्ता कळली तेव्हा त्या दूरच्या यजमानासाठीही प्रेषितांनी मदीनेत जनाज्याची नमाज अदा केली.

आज आपली मुले दुबईत, लंडनमध्ये किंवा आणखी कोठे राहतात, तेव्हा हजरत जाफर (रजि.) यांचे चरित्र त्यांच्यासमोर असावे. त्या देशाचा कायदा पाळावा, भाषा शिकावी, शेजाऱ्याच्या सुखदुःखात सहभागी व्हावे, उपकारांची जाणीव ठेवावी, आणि धर्माविषयी कोणी विचारले तर सौम्य शब्दांत, पण काहीही न लपविता उत्तर द्यावे. दुसऱ्या समाजातून आपल्या गावात येऊन राहिलेल्या माणसाला नजाशीसारखा न्याय आणि आसरा देणे, हेही आपलेच कर्तव्य आहे. अल्लाह आपणा सर्वांना याची सद्बुद्धी देवो. आमीन.