पंडिता रमाबाई व त्यांच्या मातोश्रींची गृहशाळा

पंडिता रमाबाईंचे नाव ऐकले नाही असे ख्रिस्ती घर महाराष्ट्रात विरळा. केडगावचे मुक्तिसदन, अनाथांचा सांभाळ व पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर ही त्यांची कार्ये सर्वांस विदित आहेत. परंतु एवढ्या विद्वत्तेचा पाया कोणत्या शाळेत घातला गेला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. बाळपणी त्या कोणत्याच शाळेत गेल्या नाहीत. त्यांची शाळा म्हणजे आईची मांडी; व ती शाळाही आज ह्या गावी, तर उद्या त्या गावी भरत असे. राजापूर तालुक्यातील नाटे गावासारख्या समुद्रकाठच्या खेड्यात पाच, नऊ व चौदा वर्षांची भावंडे एकाच दिव्याखाली पुस्तक उघडून बसतात. त्यांस एकाच वेळी कसे शिकवावे, असा पेच ज्या आईबापांस पडतो, त्यांनी हे चरित्र लक्षपूर्वक वाचावे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे थोर विद्वान होते. तरुणपणी पुण्यास अध्ययन करीत असता पेशव्यांच्या घरातील एक स्त्री संस्कृत शिकते हे त्यांनी पाहिले, आणि आपल्याही पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्या वडील मंडळींनी विरोध केला व तो बेत फसला. पुढे दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी नेटाने शिकविले. ह्याबद्दल पंडितांच्या सभेपुढे त्यांस जाब द्यावा लागला, तेव्हा स्त्रीने विद्या शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे त्यांनी शास्त्राधारेच दाखवून दिले. लोकांच्या जाचातून सुटावे म्हणून त्यांनी गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तेथेच १८५८ च्या एप्रिलात रमाबाई जन्मल्या. ह्या गृहशाळेची पहिली तयारी ती हीच की, मुलांच्या आधी आई शिकली.

आल्यागेल्या यात्रेकरूंचा पाहुणचार करता करता शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब घराबाहेर पडले, आणि तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेण्यात आले. तेव्हापासून तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगणे हाच त्यांचा चरितार्थ झाला. मुले तीन: थोरली कृष्णाबाई, मधला श्रीनिवास व सर्वांत धाकटी रमा. धाकटी शिकण्याजोगी झाली तेव्हा वडील वृद्ध झाले होते. म्हणून तिचा भार आईने उचलला. आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत हा अभ्यास चालला.

लक्ष्मीबाईंना दिवसभर स्वयंपाक, पाणी, प्रवास व पुराणवाचन ह्यांतून उसंत नसे. तेव्हा त्यांनी पहाटेची वेळ नेमून घेतली. उजाडण्यापूर्वी त्या झोपलेल्या मुलीस गोंजारून उठवीत व मांडीवर घेऊन पाठ देत. आई म्हणे व मुलगी मागून म्हणे. अशा रीतीने बाराव्या वर्षाच्या सुमारास रमाबाईंना पुराणांतील १८,००० श्लोक मुखोद्गत झाले. दिवसा वडील मंडळी पुराण सांगत, तेव्हा तेच शब्द कानावर पडून पाठ आपोआप पक्का होई. मराठी तर त्या आईबापांचे शुद्ध बोलणे ऐकून व वाचनाने शिकल्या. पुढे दुसऱ्याच्या फारशा साहाय्यावाचून स्वतः शिकत राहावे अशी मनाची घडण आईने करून दिली, असे रमाबाई कृतज्ञतेने मानीत.

तथापि ह्या शिक्षणात एक मोठी उणीव होती. हातांस कसलेच काम शिकविलेले नव्हते. दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला तेव्हा ज्या कुटुंबास हजारो श्लोक येत होते, त्यास पोटापुरती भाकर मिळविता येईना. १८७४ त प्रथम वडील व मागोमाग आई उपासमारीने गेली. थोड्याच काळाने कृष्णाबाईही वारली. उरलेली दोघे भावंडे पायी हजारो मैल हिंडत १८७८ त कलकत्त्यास पोहोचली. तेथे मातेने पहाटे दिलेले धन उपयोगी पडले. पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० त भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला, पण १८८२ त पती निवर्तले व लहानगी मनोरमा पदरी राहिली. १८८३ त इंग्लंडात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तेथून त्या अमेरिकेस गेल्या व लहान मुलांस खेळ आणि वस्तू ह्यांच्या योगाने शिकविण्याची बालोद्यान पद्धती शिकून आल्या.

१८८९ च्या मार्चात मुंबईस शारदासदन उघडले, तेव्हा तेथे शिकावयास आलेली पहिली विधवा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखची गोदूबाई होती. हीच पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्धीस आली. वय वाढले म्हणून तिला कोणी परत पाठविले नाही. केडगावी तर दुष्काळांतून वाचविलेल्या बालिका, तरुणी व प्रौढ स्त्रिया शेकड्यांनी एकत्र राहत. तेथे अक्षरओळखीबरोबरच विणकाम, शेती, गुरांची निगा व छापखान्याचे काम शिकविले जाई. मनोरमाबाईंनी अंधांस बोटांनी वाचावयास शिकविले. आपल्या बाळपणीची उणीव रमाबाईंनी अशा रीतीने दुसऱ्यांच्या मुलींसाठी भरून काढली. १९२२ च्या एप्रिलात त्यांचा देहान्त झाला.

ह्या चरित्रातून वर्षाच्या अभ्यासाचा आराखडा सहज निघतो. मुले दिवसा शाळेत जात असली तरी घरचा एक तास नेमून ठेवावा. तो थोडा असला तरी चुकू नये. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात व बाहेरचा वावर कमी असतो. ते दिवस पाठांतर व वाचन ह्यांस द्यावे. लावणीच्या घाईत तास लहान करावा, पण मोडू नये. भात घरी आल्यावर मापे, वजने व बाजाराचा हिशेब मुलांकडून करवावा. धाकट्याने ऐकावे व म्हणावे, मधल्याने लिहावे, थोरल्याने वाचून दाखवावे व धाकट्याचा पाठ घ्यावा. असे केल्याने एकाच तासात तिघांचा अभ्यास होतो. जाळे विणणे, शिवणे, रोपे लावणे असे एखादे हातकाम प्रत्येकास वर्षभरात यावे. आणि ज्या घरी आईस अजून वाचता येत नसेल, तेथे पहिली पाटी तिच्या हाती द्यावी. कारण लक्ष्मीबाई शिकल्या नसत्या तर पंडिता रमाबाई झाल्याच नसत्या.