विल्बरला वळायचं होतं

चामोर्शीच्या रस्त्यावर सायकल वळवताना तुम्ही काय करता? नुसतं हँडल फिरवत नाही. अंग कलतं, सायकल कलते, मग वळण साधतं. अमेरिकेतल्या डेटन गावी सायकली विकणाऱ्या विल्बर राइटला विमानाचं कोडं उलगडलं ते या कलण्यातून.

जन्म 1867चा. हुशार पोरगा, येल विद्यापीठात जायचं घाटत होतं. अठराव्या वर्षी हॉकी खेळताना तोंडावर काठी बसली, दात गेले आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. पुढची काही वर्षं पुस्तकं वाचण्यात आणि क्षयाने खंगलेल्या आईची सेवा करण्यात गेली.

1896 मध्ये ओटो लिलिएन्थाल ग्लायडरवरून पडून गेला. तो अंग झुलवून तोल सांभाळायचा. बाकीचे दमदार इंजिनाच्या मागे असताना विल्बरने वेगळंच धरलं: वर गेल्यावर सावरायचं कसं? 1899 मध्ये दुकानात ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळताना सुचलं, की दोऱ्या ओढून पंखच पिळायचे. एका बाजूला उचल जास्त, दुसरीकडे कमी.

पण 1901च्या ग्लायडरने दगा दिला. उचललेल्या पंखाला हवेचा विरोधही वाढायचा, तो मागे पडायचा आणि ग्लायडर भलतीकडेच वळायचं. 1902 मध्ये शेपटीला हलतं सुकाणू लावलं, तेव्हा ते ताब्यात आलं. मला विचाराल तर खरा शोध तो. 17 डिसेंबर 1903 ला धाकट्या ऑर्व्हिलने 12 सेकंद आणि विल्बरने 59 सेकंद केलेलं उड्डाण नंतरचं.

गंमत बघा, त्याला छळणारा तोच विरोध आज पॅराफॉइलमध्ये, म्हणजे कापडी पंखाच्या छत्रीत, कामाला लावतात. डावी दोरी ओढली की मागची डावी कड खाली येते, तिथे विरोध वाढतो, छत्री डावीकडे वळते. माणसाऐवजी छोटी मोटर दोरी ओढते तेव्हा सामान आपोआप ठरल्या जागी उतरतं. भद्रावतीच्या आयुध निर्माणीमुळे तोफगोळा चंद्रपूरकरांना नवा नाही. काही नव्या गोळ्यांच्या नाकावर वाट सुधारणारे चिमुकले पंख असतात. पण गोळा गरगर फिरतो, म्हणून नाक उरलेल्या धडापासून मोकळं ठेवून स्थिर धरावं लागतं. खरी डोकेदुखी तीच.

विल्बरची शेवटची वर्षं पेटंटच्या खटल्यांनी खाल्ली. 30 मे 1912 ला टायफॉइडने तो गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. तोवर पिळायच्या पंखांची जागा बिजागरीवर हलणाऱ्या पट्ट्या घेऊ लागल्या होत्या.