कागदावरचा संगणक

ॲलन ट्युरिंग बुद्धिबळात फारसे तरबेज नव्हते. तरीही १९४८च्या सुमारास मित्र डेव्हिड चँपरनाऊन यांच्यासह त्यांनी संगणकाला बुद्धिबळ खेळवणारे नियम लिहिले. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, हत्तीला ५, वजिराला १०. ते चालवणारे यंत्रच नव्हते. मग १९५२मध्ये ट्युरिंग स्वतःच यंत्र झाले! समोर सहकारी ॲलिक ग्लेनी. प्रत्येक चालीला कागदावर सुमारे अर्धा तास हिशेब. पटो न पटो, नियम सांगेल तीच चाल. २९व्या चालीला वजीर सापडला आणि डाव सोडावा लागला. त्याच वर्षी समलैंगिक संबंधांबद्दल ते दोषी ठरले. तुरुंग टाळण्यासाठी संप्रेरकांचे उपचार सोसावे लागले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने मृत्यू; वय अवघे ४१. शाही माफी मिळाली ती २०१३मध्ये.